कोकणातल्या पडीक जमिनीत सागाची लागवड : कंपनीच्या हिशोबावर कितपत विसंबावे?

वाडीवरचा

नमस्कार. लांजा तालुक्यात आमची साडेचार एकर वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातला वरचा मोठा भाग सड्याचा असून तिथे जांभा दगड जागोजागी उघडा पडलेला आहे. खालचा एक-दीड एकराचा तुकडा वहाळाच्या काठावर आहे. तिथे पूर्वी भात होत असे, पण वडील गेल्यानंतर तो ओसच आहे. आई गावीच असते. मी आणि भाऊ नोकरीमुळे मुंबईत असतो, त्यामुळे रोजच्या देखरेखीची शेती आम्हाला जमणार नाही.

गेल्या महिन्यात एका रोपवाटिका कंपनीचा प्रतिनिधी घरी येऊन गेला. दोन मीटर बाय दोन मीटर अंतरावर एकरी हजार झाडे, तीही साग किंवा महोगनी, बाराव्या वर्षी तोड, झाडामागे पंधरा घनफूट लाकूड आणि ते सर्व कंपनीच विकत घेणार, असा त्याचा प्रस्ताव आहे. रोपे 'ऊतिसंवर्धित', म्हणजे झाडाच्या ऊतीपासून प्रयोगशाळेत वाढवलेली, असल्यामुळे महाग आहेत, असे तो म्हणतो. भावाला हा हिशोब पटला आहे. मला तो फार गुळगुळीत वाटतो, पण कुठे खोट आहे ते सांगता येत नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे की, कोकणातल्या अशा जमिनीत टणक लाकडाची लागवड खरोखर करण्यासारखी आहे का, आणि असल्यास कोणत्या झाडाची? ज्यांनी स्वतः लागवड केली आहे किंवा या क्षेत्रात काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माळरान

धागा वाचतो आहे. संगमेश्वरात आमच्याकडेही हाच प्रतिनिधी, किंवा त्याचा सख्खा भाऊ, येऊन गेला. पत्रकातले आकडे अगदी तेच होते.

घनमापक

वाडीवरचा, आपल्याला खोट सापडत नाही कारण पत्रकात प्रत्येक आकडा सुटा सुटा दिलेला असतो. ते एकत्र मांडून पाहा. एकरी हजार झाडे आणि प्रत्येकी पंधरा घनफूट, म्हणजे एकरी पंधरा हजार घनफूट. एका घनमीटरचे साधारण ३५.३ घनफूट होतात, म्हणजे हे एकरी ४२५ घनमीटर झाले आणि हेक्टरी सुमारे १०५० घनमीटर. बारा वर्षांनी भागले तर वर्षाला हेक्टरी ८७ घनमीटर वाढ झाली पाहिजे. जगातल्या उत्तमोत्तम जमिनींतही सागाची वाढ वर्षाला हेक्टरी दहा ते वीस घनमीटरच्या पलीकडे क्वचितच जाते आणि आपल्याकडच्या बहुतेक लागवडींत ती याहून पुष्कळ कमी असते. कोणतेही खत घातले तरी जमीन, पाणी आणि ऊन यांच्या मर्यादा ओलांडता येत नाहीत.

आता एका झाडाचे पाहू. लाकूड व्यापारात ओंडका मोजण्याची जुनी रीत अशी आहे की, मध्यावरच्या घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. बाराव्या वर्षी ओंडक्याचा घेर ६० सेंटीमीटर आणि सरळ लांबी पाच मीटर धरली, तर चौथा हिस्सा १५ सेंटीमीटर येतो आणि माप जेमतेम चार घनफूट भरते. दाट लागवडीत एवढे भरले तरी ते झाड चांगले म्हणावे लागेल. पंधरा घनफुटांसाठी त्याच लांबीच्या ओंडक्याचा घेर जवळजवळ १२० सेंटीमीटर हवा. घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट होते, हे लक्षात ठेवले तर लागवडीचे निम्मे शास्त्र कळते. झाडांची संख्या वाढवून उत्पन्न वाढत नाही, घेर वाढवूनच वाढते, आणि दोन मीटरवर हजारच्या हजार झाडे बारा वर्षे उभी ठेवली तर एकाचाही घेर वाढत नाही.

या रीतीने आलेले माप खऱ्या गोल ओंडक्याच्या मापापेक्षा सुमारे एकवीस टक्के कमी भरते, हेही विक्रीच्या वेळी माहीत असावे. ही फसवणूक नव्हे. चिराईत जाणारा तोटा त्यात आधीच धरलेला असतो.

निवृत्त वनक्षेत्रपाल

घनमापक यांनी मांडलेला हिशोब अचूक आहे. माझी सारी नोकरी सागाच्या रोपवनांत गेली, तेव्हा जमिनीपासून सुरुवात करतो.

सागाला खोल, पाण्याचा निचरा होणारी, शक्यतो गाळाची आणि चुनायुक्त माती लागते. साधारण १२५० ते २५०० मिलिमीटर पाऊस आणि तीन ते पाच महिने कोरडे असतील तर लाकूड चांगले होते. कोकणात पाऊस याहून जास्त पडतो, तरी उतार आणि निचरा असेल तर साग उत्तम येतो. त्याला सोसत नाही ते मुळाशी तुंबलेले पाणी. आणि दुसरे म्हणजे कातळ. जांभ्यावर वीतभर माती असेल तर साग पहिली तीन-चार वर्षे जोमाने वाढतो, पाहणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि मग मुळे दगडाला लागली की तो जागच्या जागी थांबतो. फांद्या वेड्यावाकड्या फुटतात आणि शेंडा सुकतो. आपल्या सड्यावर कोणी कितीही आग्रह केला तरी साग लावू नये. वहाळाकाठचा तुकडा मात्र सागासाठीच आहे, असे वर्णनावरून वाटते. तिथे एक मीटर खोल खड्डा खणून पाहा. पावसाळ्यात त्यात पाणी किती वेळ राहते ते बघा. भाताची जमीन असल्यामुळे हे पाहणे अत्यंत आवश्यक आहे. पाणी साचत असेल तर चर काढल्याशिवाय लागवड करू नये.

रोपांबद्दल सांगायचे तर पिशवीतल्या महागड्या रोपांची गरज नाही. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सागजडी लावली जाते. वाफ्यातले वर्षभराचे, अंगठ्याएवढ्या जाडीचे रोप उपटतात, मुख्य मूळ वीतभर ठेवतात, बारीक मुळे साफ करतात आणि खोड दोन-तीन सेंटीमीटर ठेवून छाटून टाकतात. दिसायला ती वाळकी काटकी असते. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती लांबवर नेता येते. पहिला दमदार पाऊस झाला की पहारीने भोक पाडून जडी उभी घालायची आणि भोवतीची माती पायाने घट्ट दाबायची. पोकळी राहिली तर तिथे पाणी साचून मूळ कुजते. वर्षा-दोन वर्षांत एखादे रोप वाकडे निघाले तर ते जमिनीलगत कापावे, त्याच मुळातून सरळ फुटवा येतो.

खरे काम पुढे आहे. दोन मीटरवर लावलेली झाडे पाचव्या वर्षाच्या सुमारास निम्मी काढावी लागतात आणि दहाव्याच्या आसपास उरलेल्यांतली पुन्हा निम्मी. त्यानंतर दर वेळी झाड पाहून विरळणी करतात. लागवडीपासून अखेरच्या तोडीपर्यंतच्या पन्नास-साठ वर्षांच्या आवर्तनात शेवटी हेक्टरी दीडशे-दोनशे झाडे उरतात. सुरुवातीला दाट लावण्याचा हेतू एवढाच की झाडे उजेडाच्या ओढीने सरळ वाढावीत, खालचे तण दबावे आणि निवड करायला वाव मिळावा. शेतकऱ्याचा हात मात्र स्वतः लावलेले झाड तोडायला धजत नाही. खासगी लागवडींचे जितके नुकसान विरळणी न केल्यामुळे झालेले मी पाहिले आहे, तितके किडीमुळे किंवा वणव्यामुळे झालेले पाहिले नाही.

सुरंगी

साहेब, विरळणीत निघालेल्या लाकडाचे काय करायचे? आमच्याकडे चिपळूणला लोक म्हणतात की त्याला गिऱ्हाईकच नाही.

निवृत्त वनक्षेत्रपाल

सुरंगीताई, पाचव्या वर्षाची काठी वासे, कुंपणाचे खांब आणि मांडवासाठी जाते आणि तिच्यातून फार तर मजुरी सुटते. दहाव्या-पंधराव्या वर्षाच्या विरळणीतून थोडे पैसे दिसू लागतात. पहिल्या विरळणीकडे उत्पन्न म्हणून पाहू नये, ती उरलेल्या झाडांसाठी केलेली गुंतवणूक असते.

पटाशी

मी सुतारकामातला माणूस आहे, म्हणून लाकूड कापल्यानंतरचे सांगतो. पंधरा वर्षांचा सागाचा ओंडका आडवा कापला की मधोमध सोनेरी तपकिरी गाभा दिसतो आणि भोवती फिकट पांढरा थर असतो. तरुण झाडात हा पांढरा थर चांगलाच रुंद असतो. सागाला वाळवी लागत नाही ही ख्याती सगळी गाभ्याची आहे, कारण तिला रोखणारी द्रव्ये गाभ्यातच साठतात. पांढऱ्या भागाला दोन पावसाळ्यांत भुंगेऱ्यांची भोके पडतात. त्यामुळे चौकटीसाठी ओंडका घेताना मी आधी टोकाकडून गाभ्याची रुंदी मोजतो. चारही बाजूंचा पांढरा भाग काढल्यावर बारा-पंधरा वर्षांच्या ओंडक्यातून चौकटीचा नग निघतच नाही. निघाल्या तर पट्ट्या निघतात.

दाट वाढलेल्या, छाटणी न झालेल्या झाडांत गाठी फार असतात. रंधा मारताना गाठीपाशी उलटी शीर येते आणि पृष्ठभाग उचकटतो. गिऱ्हाईक म्हणते की साग दिला, मग असा का? झाड लहान असताना खालच्या फांद्या खोडालगत सफाईने काढल्या असत्या, तर हे टळले असते.

मलबारवासी

पटाशी यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण एक भर घालतो. कामानिमित्त माझे वास्तव्य कोळिकोडला आहे. त्रिशूरजवळच्या पीची येथील केरळ वनसंशोधन संस्थेने वेगवेगळ्या वयांच्या लागवडीतल्या सागाची ताकद तपासली, तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे लाकूड जुन्या लाकडाच्या मानाने फारसे कमकुवत आढळले नाही. फरक पडतो तो गाभ्याचे प्रमाण, टिकाऊपणा आणि रंग-रेषांत. त्यामुळे तरुण साग निरुपयोगी म्हणणे योग्य होणार नाही. घरातल्या फर्निचरला तो चालतो. उन्हापावसात राहणाऱ्या कामाला जून लाकूडच हवे.

या विषयाचा उगम ज्या गावी आहे ते निलंबूर इथून फार दूर नाही. मलबारचा जिल्हाधिकारी कोनोली याने १८४० च्या दशकात तिथे सागाची लागवड सुरू केली आणि ते काम प्रत्यक्षात उभे केले चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने. सुरुवातीला बी रुजतच नव्हते. सागाच्या फळाचे कवच इतके टणक असते की साधे पेरल्यास थोडेच बी उगवते. नाना उपाय करून पाहिल्यावर १८४४ पासून लागवडीने जोर धरला. आजही बी आळीपाळीने भिजवून आणि उन्हात वाळवूनच पेरतात. चालियार नदीकाठच्या कोनोली प्लॉटमध्ये १८४६ साली लावलेली झाडे जपून ठेवलेली आहेत. गाळाच्या जमिनीत साग काय होऊ शकतो ते पाहायचे असेल तर ती झाडे बघावीत. त्याच निलंबूरमध्ये डोंगरउतारावरच्या जांभ्याच्या जमिनीत लावलेला साग खुरटलेला आहे. वनक्षेत्रपाल साहेबांनी वर जे लिहिले, ते तिथे शेजारी शेजारी दिसते.

ही लागवड करावी का लागली, याचा मुंबईशी थेट संबंध आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कारागीर मलबारी सागाची जहाजे बांधत. १८१७ साली तिथे बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल बंदरात आजही तरंगते आहे. त्या काळात मलबारची जंगले इतक्या वेगाने तोडली गेली की पुढची सोय म्हणून साग पेरणे भाग पडले.

वैनगंगा

मलबारवासी यांनी मांडलेला इतिहास मोलाचा आहे, पण त्याची दुसरी बाजूही इथे आली पाहिजे. १८५६ साली ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ ब्रह्मदेशात वनअधिकारी म्हणून आला आणि त्याने सागाची टांग्या पद्धत रुजवली. कारेन लोक डोंगरात फिरती शेती करत. त्यांनी भाताबरोबर साग लावायचा, जगलेल्या रोपांचा मोबदला घ्यायचा आणि पुढच्या तुकड्याकडे जायचे, अशी ही व्यवस्था होती. सरकारला स्वस्तात रोपवने मिळाली. ज्यांनी लावली त्यांची फिरण्याची जमीन मात्र वर्षागणिक सागाखाली गेली.

मी गडचिरोली जिल्ह्यातली आहे. आमच्याकडचा साग जगात नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातूनच साग गेला, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या कार्यपद्धतीत मिश्र जंगल तोडून तिथे सागाची ओळीने लागवड करणे बसत होते, आणि त्या मिश्र जंगलात मोह होता, चारोळी होती, तेंदू होता, बेहडा होता. एका मोहाच्या झाडाखाली उन्हाळ्याच्या पहाटे फुले वेचून एका घराचे काही आठवड्यांचे भागते आणि कोणते झाड कोणत्या घराचे हे गावात ठरलेले असते. सागाच्या झाडाखाली वेचण्यासारखे काही नसते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगल हे महसुलाचे साधन नव्हे असे स्पष्ट सांगितले, पण तोवर बरेच जंगल गेले होते. म्हणून 'साग लावा' असे कोणी म्हटले की मी आधी विचारते, 'तिथे आधी काय होते?'

निवृत्त वनक्षेत्रपाल

वैनगंगाताई, आपला प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. नैसर्गिक मिश्र जंगल तोडून एकजातीय रोपवन करणे मला आज समर्थनीय वाटत नाही. आलापल्लीचे जुने राखीव वन २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. तिथला साग ऐन, बिजा, बांबू यांच्या संगतीत वाढलेला आहे आणि कोणत्याही रोपवनापेक्षा तो सरस आहे.

शुद्ध सागाच्या रोपवनाचा एक दोष शास्त्रीय आहे आणि तो खासगी लागवडीलाही लागू होतो. सागाचे पान मोठे असते. पावसाचे थेंब त्यावर एकत्र होऊन मोठ्या थेंबांनी खाली आदळतात. खाली झुडपे नसतील किंवा पाचोळा वणव्यात जळून गेला असेल, तर माती धुपून जाते. उतारावरच्या सागाच्या झाडांची मुळे उघडी पडलेली अनेकांनी पाहिली असतील. त्यासाठी पाचोळा जाळू नये, खालची झुडपे मुळापासून काढू नयेत आणि उताराला आडवे चर काढावेत. माझे म्हणणे इतकेच की पडीक शेतजमिनीवर, जिथे जंगल तोडावे लागत नाही, तिथे शेतकऱ्याने साग लावला तर त्याने जंगलावरचा भार काही अंशी हलकाच होतो.

वैनगंगा

हे मान्य आहे. माझा आक्षेप जंगलाच्या जागेवरच्या सागाला होता, वाडीवरचा यांच्या जमिनीला नव्हता. त्यांनी जरूर लावावा, मात्र वहाळाच्या अगदी काठावर आधीपासून जी करंज, जांभूळ, उंबराची झाडे असतील ती काढू नयेत.

गोदामवाला

आमचा लाकडाचा व्यवसाय आहे, म्हणून बाजाराविषयी दोन शब्द. साग नैसर्गिकरीत्या उगवतो तो फक्त भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चार देशांत. थायलंडने महापुरानंतर १९८९ साली जंगलतोड बंद केली आणि म्यानमारने २०१४ च्या एप्रिलपासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. भारत सागाचा सर्वांत मोठा खरेदीदार असल्यामुळे आता घाना, इक्वेडोर, पनामा, कोस्टा रिका, ब्राझील इथल्या लागवडींतला साग कंटेनरमधून येतो. त्यातला बराचसा बारीक घेराचा आणि कमी वयाचा असतो. म्हणजे आपल्या बारा-पंधरा वर्षांच्या झाडाला थेट या मालाशी स्पर्धा करावी लागते आणि तिथे भाव मिळत नाही. याउलट, जाड घेराचा, सरळ आणि बिनगाठीचा जून साग दिवसेंदिवस दुर्मिळ होतो आहे आणि त्याला कायम मागणी आहे. जो थांबू शकतो त्यालाच सागाचा भाव मिळतो.

आजोळ

नव्वदच्या दशकात अशाच एका कंपनीत आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सागाच्या झाडांचे 'युनिट' घेतले होते. रंगीत प्रमाणपत्र आले, त्यावर झाडांचा क्रमांकही होता. झाडे कोणी पाहिली नाहीत आणि पैसेही परत आले नाहीत. अशा असंख्य योजनांमुळेच १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियमावली आणली. वाडीवरचा यांची जमीन स्वतःची आहे, हा मोठाच फरक आहे, परंतु 'आम्हीच विकत घेऊ' हे आश्वासन कोणत्या दराने, कोणत्या मापाने आणि कंपनी तोवर नसल्यास कोणाकडून पूर्ण होणार, हे करारात लिहिलेले नसेल तर त्यावर सही करू नये.

माळरान

ऊतिसंवर्धित रोपांचे काय? त्यांची वाढ खरोखर दुप्पट होते का?

मलबारवासी

ऊतिसंवर्धन हे खरे तंत्र आहे आणि सागावर ते यशस्वी करण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या सुमारास मोठे काम केले आहे. निवडक उत्तम झाडाच्या हुबेहूब प्रती त्याने मिळतात, त्यामुळे झाडे एकसारखी आणि सरळ वाढण्याची शक्यता वाढते. पण ज्या झाडापासून रोपे केली ते झाड चांगले असेल तरच त्याचा उपयोग. विक्रेत्याला मूळ झाड कुठले, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर साध्या बियांपासूनची, खात्रीच्या बीजक्षेत्रातली जडी बरी. कातळावर ऊतिसंवर्धित रोपही कातळच पाहते.

किडीविषयीही इथे सांगून टाकतो. सागाची पाने खाणाऱ्या अळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक पावसाळ्याच्या तोंडावर कोवळी पालवी फस्त करते. दुसरी पावसाळा सरता सरता पानांची जाळी करून ठेवते. झाड सहसा मरत नाही, पण निलंबूरच्या तरुण लागवडीत पहिल्या प्रकारच्या अळीमुळे संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के लाकूड बुडाल्याचे संशोधनात आढळले. पीचीच्या संस्थेने त्या अळीला रोगी करणाऱ्या विषाणूचा वापरही विकसित केला आहे.

महोगनीचे दुखणे वेगळे आहे. हे झाड मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. शेंडा पोखरणारी अळी तिथेही आणि आपल्याकडेही त्याच्या मागे लागते. शेंडा मेला की दोन-तीन फांद्या वर येतात आणि सरळ खोड मिळत नाही. उघड्यावर, ओळीने, नुसतीच महोगनी लावली तर हा उपद्रव सर्वांत जास्त होतो. इतर झाडांच्या विरळ सावलीत लावली तर कमी होतो.

सुरंगी

वाडीवरचा, आता सड्याचे बोलू, कारण तुमची बहुतेक जमीन तीच आहे आणि तिच्याकडे अजून कोणी पाहिले नाही. सड्यावर खैर लावा. खैरही टणक लाकूडच आहे, तो हलक्या जमिनीत येतो, काटेरी असल्यामुळे गुरे फारशी लागत नाहीत आणि चिपळूण-सावर्डे परिसरातल्या कातभट्ट्यांना तो हवाच असतो. खैराच्याही गाभ्यालाच किंमत असते, त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे थांबावे लागते. जिथे दगडाच्या खाचेत थोडी अधिक माती साठली आहे तिथे ऐन आणि किंजळ आपोआप उगवलेले दिसतील. ती रोपे राखली, त्यांची राबासाठी, म्हणजे भाताचे वाफे भाजण्यासाठी, होणारी फांदीतोड थांबवली, तर लागवडीचा खर्चच नाही. आमच्या आजोबांनी राखलेल्या किंजळाच्या तुळया आमच्या घराला आहेत आणि त्या अजून ठणठणीत आहेत.

सड्यावरचा खरा शत्रू वणवा आहे. डिसेंबर संपता संपता कुंपणालगत चांगली रुंद पट्टी गवत कापून मोकळी करावी. खात्याच्या भाषेत तिला जाळरेषा म्हणतात. हे काम माणूस लावून दर वर्षी करावेच लागते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सड्यावर काहीही लावून पैसे वाया घालवू नयेत.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आपल्या भागाला जवळ आहे. मातीचा नमुना घेऊन तिथे सल्ला घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

सातबारा

कायद्याची बाजू राहून गेली आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याच्या नियमन कायद्याखाली साग, खैर, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही झाडे अनुसूचित आहेत. स्वतःच्या जमिनीत स्वतः लावलेले झाड तोडायलाही परवानगी लागते आणि नेताना वाहतूक परवाना लागतो. म्हणून लागवड करताच तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यावी आणि दर वर्षी पीकपाहणीत ती नोंद टिकते आहे ना, हे पाहावे. वीस वर्षांनी ही झाडे जंगलातली नव्हेत, आम्ही लावलेली आहेत, हे सिद्ध करण्याचा तोच सोपा पुरावा असतो. सातबाऱ्यावर भावांची, काकांची नावे असतील तर सर्वांची संमती आताच लेखी घ्यावी. उभ्या सागाइतके भांडण लावणारे पीक कोकणात दुसरे नाही. खातेदार अनुसूचित जमातीचे असतील तर झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा लागू होतो. लाकूड राज्याबाहेर जाणार असेल तर २०२३ च्या डिसेंबरपासून देशभरासाठी सुरू झालेली ऑनलाइन वाहतूक परवाना प्रणाली उपयोगी पडू शकेल.

वाडीवरचा

सर्वांचे मनापासून आभार. घनमापक यांचा हिशोब भावाला वाचून दाखवला. त्याने तो पुन्हा स्वतः करून पाहिला आणि कंपनीचा विषय घरात संपला. भावाने खाली जाऊन खड्डाही खणला. एक मीटरपर्यंत दगड लागला नाही, काळसर गाळाची माती आहे. पाण्याचे पावसाळ्यातच कळेल, म्हणून यंदा फक्त चर काढू आणि जडी पुढच्या पावसाळ्यात लावू. सड्यावर सुरंगीताईंनी सांगितल्याप्रमाणे खैर लावायचा आणि ऐन-किंजळ राखायचे, असे ठरवले आहे. वहाळाकाठची करंजे आणि उंबर तसेच ठेवू.

दोन शंका उरल्या आहेत. विरळणी वेळेवर करायला आम्ही गावी असूच असे नाही, तर आधीपासूनच अंतर जास्त ठेवले तर चालेल का? आणि आईने विचारले आहे की पहिली काही वर्षे मधल्या जागेत हळद होईल का?

निवृत्त वनक्षेत्रपाल

अंतर वाढवणे आपल्या परिस्थितीत शहाणपणाचे आहे. तीन मीटर बाय तीन मीटरवर एकरी साधारण साडेचारशे जडी बसतील. पहिली विरळणी आठव्या-नवव्या वर्षापर्यंत पुढे ढकलता येईल, ती टाळता मात्र येणार नाही. अंतर वाढले की बाजूच्या फांद्या जोर धरतात, म्हणून दुसऱ्या वर्षापासून दर हिवाळ्यात खालच्या फांद्या धारदार करवतीने खोडालगत काढाव्यात. पटाशी यांनी सांगितलेल्या गाठी त्यानेच टळतात. एकूण उंचीच्या निम्म्याहून वरच्या फांद्यांना हात लावू नये. बांडगूळ दिसले तर ती फांदी त्याच वर्षी उतरवावी, कारण ते पक्ष्यांमार्फत झाडाझाडांवर पसरते.

सुरंगी

हळद चांगली होईल, आईंना जरूर लावू द्या. पहिली दोन-तीन वर्षे ऊन पुरेसे असते आणि हळदीच्या निमित्ताने जी भर आणि निंदणी होते, ती सागालाही मिळते. जडीपासून दोन हात जागा सोडून गादीवाफे उताराच्या अंगाने करावेत, म्हणजे पाणी थांबणार नाही. चौथ्या वर्षापासून सावली दाटेल तेव्हा हळद बंद करावी. पहिल्या विरळणीनंतर ऊन पुन्हा खाली येते, तेव्हा आणखी एक-दोन पिके घेता येतात. काढणी करताना कुदळ सागाच्या बुंध्याजवळ चालवू नये, मुळाला जखम झाली की तिथून कूज शिरते. बेणे हवे असल्यास निरोप पाठवा, आमच्याकडचे मार्चअखेर निघेल.